ओडेसाबाईची चाल

बेबीताईचा आवाज गेला तेव्हा मेहकरातल्या माणसांनी तिला फार सांभाळून घेतलं, आणि तिचा खरा घात झाला तो या सांभाळून घेण्यानंच. गळ्यातली गाठ काढली, डॉक्टर म्हणाले काही दिवस बोलू नका, ती बोलली नाही. मग एके दिवशी तोंड उघडलं तर आतून भलतीच कोणीतरी बोलली. जाड, खरखरीत, पुरुषी अंगाचा आवाज. शेजारणी म्हणाल्या, होईन बाई हळूहळू बरा. नवरा जानराव त्यांच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचा, तोही मायेनं म्हणाला, "घाई काऊन करून राह्यली? सध्या कोरसमधी बस."

सध्या म्हणून बसली ती दोन वर्षं कोरसमध्येच बसली. भीमजयंती असो, लग्न असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, मधल्या माईकपुढे आता सुवर्णा नावाची एक तरणी पोरगी गायची. पोरगी गोड होती, आवाज टिपेला जायचा, तिच्याविषयी वाईट बोलायला बेबीताईकडे काही नव्हतं आणि तेच जास्त लागायचं. ज्या बाईच्या आवाजावर दुसरबीडपासून खामगावपर्यंत मांडव भरत होते, ती मागे बसून टाळ्या वाजवायची. घरी आल्यावर जानराव विचारायचा, "काऊन गप गप आहे?" ती म्हणायची, "हात दुखून राह्यले."

अशात पिंपळगाव राजाहून फोन आला की वच्छलाबाई गेल्या.

पिंपळगाव राजा हे बेबीताईचं माहेर. वच्छलाबाई नात्यानं कुणी नव्हत्या, पण गल्लीतल्या सगळ्या पोरी त्यांना मावशी म्हणायच्या, आणि परकर नेसणाऱ्या बेबीला हाताला धरून जयंतीच्या माईकपुढे उभं केलं होतं ते याच मावशीनं. मागच्या जयंतीला बेबीताई भेटायला गेली होती. म्हातारी खाटेवर होती, पण जीभ शाबूत. म्हणाली, "बेबे, माह्या पुण्यानुमोदनाले तूच गाजो. दुसऱ्या कोनाचं गानं मले नाई पायजे."

"मावशी, माहा आवाज गेला वो."

"आवाज कुठी जाते? अंदरच असन बसेल. मले शब्द दे."

शब्द दिला. म्हाताऱ्या माणसाला हो म्हणायला काय जातं, असं त्या वेळी वाटलं होतं. आता फोनवर वच्छलाबाईंचा नातू धम्मरत्न सांगत होता की येत्या रविवारी दुपारी कार्यक्रम आहे, आणि फोन जानरावच्या हातात होता. जानरावनं परस्पर सांगून टाकलं, "येतो ना आमी. सुवर्णाले घेऊनच येतो." बेबीताई चुलीपाशी होती. तिला आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचा राग राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्याचं चुकत होतं असं तिला म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शकुंतलाबाईंकडे गेली. या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, मराठीच्या. बेबीताई सेविका होती ती अंगणवाडी आणि बाईंची शाळा एकाच आवारात होती. तेव्हापासून दोघींची मैत्री. नवरा नीळकंठराव कचेरीतून निवृत्त होऊन पेपरात डोकं खुपसून बसलेला, म्हणून बाईंना बोलायला माणूस लागायचं आणि बेबीताईला ऐकायला आवडायचं. सकाळी फिरून आल्यावर बाईंच्या ओट्यावर चहा, हा वर्षानुवर्षांचा नेम.

त्या सकाळी चहा राहिला बाजूलाच. बाई हातात मोबाईल घेऊन वाट पाहत होत्या.

"बसा आधी. भार्गवीनं पुण्याहून एक गाणं पाठवलंय. ऐकलं आणि मला तुम्हीच आठवलात. अहो, बेबीताई, हा तुमचा आवाज आहे."

भार्गवी ही बाईंची नात. ती आजीला काहीबाही पाठवायची आणि आजी "छान" म्हणून पुढे ढकलायची. हे मात्र बाईंनी पाच-सहा वेळा ऐकलं होतं. पडद्यावर एक काळी, जाडजूड, म्हातारी बाई खुर्चीत बसली होती. नाव ओडेसा की असंच काहीसं. शेजारी एक माणूस गिटार घेऊन, बाकी कुणी नाही. बाईनं तोंड उघडलं.

"बिमार हाये का हे?" बेबीताईनं विचारलं.

"ऐका तर."

ओडेसाबाईचा आवाज खालून आला, खरवडत आला. मध्येच फाटला. बेबीताईला वाटलं, आता ही थांबेल, खाकरेल, पाणी मागेल. ती थांबली नाही. जिथे फाटला तिथेच तिनं आवाज आणखी ताणला आणि फाटका तसाच पुढे नेला. जिथे कुणीही गायिका वर चढली असती तिथे ही खाली उतरली, आणि खाली जाऊन अशी काही बसली की तिथून तिला उठवायची कुणाची छाती झाली नसती. बेबीताईचा हात नकळत गळ्यावरच्या व्रणावर गेला. आधी तिला हेवा वाटला. मग राग आला, दोन वर्षं वाजवलेल्या टाळ्यांचा. मग डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "पुन्हा लावा."

"याला ब्लूज म्हणतात म्हणे," बाई सांगू लागल्या. "अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. कापसाच्या शेतात राबायचे ना ते."

"कापूस तं आमीबी येचला बाई. कंबर गेली, पन असा आवाज काई निघाला नाई." गाणं पुन्हा सुरू झालं होतं. "पयली ओळ दोनदा म्हनते, मंग तिसरी. चाल सोपी हाये. काय म्हनते पन ते?"

इथे शकुंतलाबाईंचं घोडं अडलं. त्यांनी आयुष्यभर वर्गाला शिकवलं होतं की येत नसेल तर येत नाही म्हणावं. पण ते मुलांसाठी. वीस वर्षं आपल्याला बाई म्हणणाऱ्या मैत्रिणीपुढे, तिच्या डोळ्यांत पाणी असताना, मला या इंग्रजीतलं एक अक्षर कळलेलं नाही हे सांगणं त्यांच्या जिवावर आलं. ‘दार’ एवढा एक शब्द त्यांना लागला होता. त्या म्हणाल्या, "आई गेलीय तिची. दारात बसून रडतेय, की आई आता कधी यायची नाही."

बेबीताईनं गाणं तिसऱ्यांदा लावून घेतलं. मग म्हणाली, "मंग हेच गाईन मी मावशीसाठी."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे वेडेपण वाटेल, पण गायन पार्टीतल्या माणसाला यात काही नवं नाही. चाल कुणाचीही असते. सिनेमाची, कव्वालीची, लग्नात वाजणाऱ्या बँडची. कानाला लागली की ती आपली, तिच्यावर आपले शब्द बांधायचे. बेबीताईनं जन्मभर हेच केलं होतं. फक्त ओडेसाबाईची चाल अजून बुलडाणा जिल्ह्यात कुणी उचलली नव्हती.

अडचण जानरावची होती. त्यानं गाणं ऐकलं, पेटी ओढली आणि सूर शोधू लागला. शोधतच राहिला.

"हे बाई दोन पट्ट्यांच्या मधात गाऊन राह्यली. पेटीत हा सूरच नाई."

"नसू द्या. तुमी पांढरी चार धरून ठेवा फक्त."

"पांढरी चार?" जानरावनं तिच्याकडे पाहिलं. ती पूर्वी काळी पाचच्या उंच पट्टीत गायची, सुवर्णाही तिथेच गायची. पांढरी चार म्हणजे बाईमाणसासाठी पार तळघर. "इतल्या खाली कोनी बाई गाते का? लोक काय म्हनतीन?"

"लोकं दोन वर्सं झाले बरंच म्हनून राह्यले. तुमी भाता हलवा."

त्यानं भाता हलवला. तिनं पहिली ओळ म्हटली आणि मध्येच आवाज फाटला. सवयीनं ती थांबली. मग ओडेसाबाई आठवली, आणि फाटक्या आवाजानंच ओळ शेवटाला नेली. जानराव पेटीकडे बघत भाता हलवत राहिला. ओळ संपल्यावर म्हणाला, "मी तुले कोरसमधी बसवाले नोको होतं." एवढंच म्हणाला आणि नाक पुसायला मोरीकडे गेला. बेबीताईला ते पुरलं.

आठवडाभर भाकरी थापताना, अंगणवाडीतून येताना ती शब्द बांधत होती. पुण्यानुमोदनात जसे असतात तसेच बांधले: माय चालली दूर गावा, सोसलं सारं, बोलली नाही कवा. धम्मरत्नानं फोनवर ऐकले आणि खूश झाला. त्यानं फलकही तसाच छापायला टाकला होता, आजीच्या फोटोखाली ‘त्यागमूर्ती’ आणि ‘सोशिक माता’.

रविवारी सकाळी गाडीत पेटी, ढोलकी चढवत असताना शकुंतलाबाई पदर सावरत आल्या. चेहरा उतरलेला. "मीपण येते," म्हणाल्या आणि कुणी हो म्हणायच्या आत बेबीताईशेजारी बसल्या. जानेफळ मागे पडेपर्यंत त्या खिडकीबाहेरची तूर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "बेबीताई, माझं चुकलं. मी थाप मारली."

"काय झालं बाई?"

"काल मी मोठ्या तोऱ्यात भार्गवीला सांगायला गेले, की आमची बेबीताई तुझं आईचं गाणं गाणार आहे म्हणून. ती हसायलाच लागली. त्यात आईबिई कुणी नाहीये. नवऱ्याचं गाणं आहे ते. नवरा दारू पिऊन मारायचा, तर हिनं एक दिवस त्याचे बूट ओट्यावर ठेवले नि दार लावून घेतलं. म्हणते, सोमवारी दार लावलं, आता ठोठावत बैस." बाईंनी बेबीताईचा हात धरला. "मला इंग्रजी कळलंच नव्हतं हो. तुम्हाला कसं सांगू, म्हणून दडपून दिलं काहीतरी. आता तुम्ही ही चाल म्हणू नका. मेलेल्या माणसापुढे शोभायचं नाही."

पुढे बसलेल्या जानरावनं हसू दाबलं. बेबीताई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं तीच चाल ओठातल्या ओठात म्हणून बघितली, तशा शकुंतलाबाई घाबरल्या.

"रागावलात?"

"नाई बाई." ती हळूच म्हणाली, "तुमाले मावशीचं ठाव नाई ना. तिनं तेच केलं होतं."

जे साऱ्या गल्लीला माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं ते तिनं बाईंना सांगितलं. वच्छलाबाईंचा नवरा असाच होता. एका संध्याकाळी तो दारूसाठी बाहेर गेला तेव्हा त्यांनी त्याच्या कपड्यांचं गाठोडं ओट्यावर आणून ठेवलं आणि दार लावून घेतलं. तो बोंबलला, दगड मारले, पंच आले, भावकी आली. दार उघडलं नाही. मग तो कुठे सुरतेकडे गेला नि तिकडेच मेला. वच्छलाबाईंनी मजुरी करून मंजुळा नावाची एकुलती लेक वाढवली. नातवंडं झाली, शिकली, नोकरीला लागली, तसं ‘आजोबा कामाला गेले नि वारले’ असं ठरून गेलं. वच्छलाबाईंनी ते खोडलं नाही, पण खरं आहे असंही कधी म्हटलं नाही.

"मावशी सोसत बसेल नोती," बेबीताई म्हणाली. "अन् मी चालली तिच्यापुढं म्हनाले की सोसलं, बोलली नाई." जानराव मागे वळून म्हणाला, "बेबे, घरचे लोक हायेत तथी. तिची लेक हाये समोर. तमाशा होईन." तो चुकीचं बोलत नव्हता. खामगाव आलं, गेलं, आणि बेबीताईचा निर्णय काही होईना. शब्द दिला होता गाण्याचा; पण काय गायचं याचा शब्द कुणी घेतला नव्हता, आणि तीच तर पंचाईत होती.

मांडवात पांढऱ्या लुगड्यांची गर्दी होती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली वच्छलाबाईंचा फोटो, मेणबत्त्या, हार. त्रिशरण-पंचशील झालं. मग भाषणं. एकानं त्यागमूर्ती म्हटलं, दुसऱ्यानं सोशिकपणाचा आदर्श म्हटलं, तिसऱ्यानं सांगितलं की पती अकाली गेले तरी माउलीनं कधी हूं की चूं केलं नाही. समोर पहिल्या रांगेत मंजुळाबाई बसल्या होत्या, स्वतःच आता साठीच्या, डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर. आई गेल्यापासून त्या रडल्या नाहीत, असं बायका कुजबुजत होत्या. फोटोतल्या वच्छलाबाई मात्र, फोटोवाल्यानं हसा म्हटलं म्हणून चिडलेल्या असाव्यात, तशा सरळ समोर बघत होत्या.

धम्मरत्नानं नाव पुकारलं. बेबीताई मधल्या माईकपुढे येऊन बसली तेव्हा मागे कुणीतरी म्हणालं, इचा तं आवाज गेला होता ना? जानरावनं पांढरी चार धरली. सुवर्णा कोरसमध्ये सरकली, आणि सरकताना तिनं बेबीताईच्या पाठीवर हात ठेवला. चांगली पोरगी होती ती.

बेबीताईनं फोटोकडे बघितलं आणि आठवडाभर बांधलेले शब्द तोंडातच गिळले.

"गाठोडं ठेवलं ओट्यावर गं, गाठोडं ठेवलं ओट्यावर," तिनं त्या खालच्या आवाजात सुरू केलं. आवाज फाटला, तिनं तसाच पुढे नेला. "उचलला त्यानं हात जिथं, तिथं नाही आता त्याचं घर."

मांडव असा शांत झाला की बाहेर स्वयंपाकाकडे वरणात पळी फिरत होती तिचा आवाज आला. एक म्हातारी चटकन पदर तोंडाला लावून शेजारणीकडे वळली. धम्मरत्न उभा होता तो दोन पावलं पुढे आला, आणि थांबला. बेबीताईनं ते सगळं पाहिलं. पण मागे कोरस ओळ उचलत होता, आणि जानराव, जो कुठल्याही गाण्यात आपली बोटं फिरवल्याशिवाय राहत नसे, तो नुसता एक सूर धरून भाता हलवत होता. तिनं दुसरं कडवं घेतलं.

"कडी लावली मायनं गं, कडी लावली मायनं. पाह्यलं नाही वळून पुन्हा, कधी त्या बाईनं."

"नाई," असा आवाज आला.

मंजुळाबाई उठून उभ्या होत्या. सुवर्णाच्या टाळ्या थांबल्या, ढोलकी थांबली. धम्मरत्न घाईनं आईकडे आला. "आई, बस तू. मी सांगतो यायले, बंद करतो." शकुंतलाबाईंनी डोळे मिटून घेतले. जे झालं ते आपल्या थापेमुळे झालं, असं त्यांना वाटत होतं.

मंजुळाबाईंनी पोराचा हात बाजूला केला. "तू बस," म्हणाल्या, आणि गुडघे धरत बेबीताईच्या समोर येऊन बसल्या. इतक्या जवळ की दोघींचे गुडघे टेकले.

"कडी मायनं नाई लावली बेबे," त्या म्हणाल्या. माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू जात होतं. "मायचे हात लटलट कापत होते. तिले कडी लागतच नोती. मी पाटावर चढली अन् मी लावली. दुसरीत होती मी. बापाले बाहेर ठेवलं म्हनून आजलोक मी कोनाले सांगतलं नाई. माय म्हने, कोनी इचारलं तं मायनं लावली म्हनजो, तुह्यावर नोको याले." आणि मग त्या रडल्या. आई गेल्यापासूनचं, आणि त्याच्याही कितीतरी आधीचं, सगळं रडल्या. धम्मरत्न खाली बसला. त्यानं आईच्या पाठीवर हात ठेवला आणि फलकाकडे पाहायचं टाळलं.

बऱ्याच वेळानं मंजुळाबाईंनी डोळे पुसले. "तेवढं घाल गान्यात," म्हणाल्या.

बेबीताईनं मान हलवली. जानरावनं पुन्हा पांढरी चार धरली.

"कडी लावली लेकीनं गं," ती म्हणाली, आणि या वेळी कोरसआधी समोरच्या बायकांनीच ओळ उचलली, "कडी लावली लेकीनं."

तिसरी ओळ बांधलेलीच नव्हती. बेबीताई थांबली. मग तिनं माईक मंजुळाबाईंकडे वळवला आणि विचारलं, "मंग?"

मंजुळाबाईंना गाणं येत नव्हतं. त्यांनी जन्मात कधी माईक धरला नव्हता. साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "मंग आमी दोघी पोटभर जेवलो."